ट्रॅकर बसवले, तरी गाड्या पुन्हा पुन्हा ‘ऑफलाइन’: दोष नेमका शोधायचा कसा

कंपनीच्या गाड्यांना जीपीएस ट्रॅकर बसवल्यावर पहिले काही आठवडे सगळे छान चालते. स्क्रीनवर हिरवे ठिपके फिरत असतात. ग्राहकाचा फोन आला की डिस्पॅचवाला लगेच सांगतो, ‘गाडी अर्ध्या तासात पोचेल.’ मग एकेक ठिपका लाल व्हायला लागतो. पुरवठादाराचा माणूस येतो, डिव्हाइस बदलून जातो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. सुपरवायझर म्हणतो, ड्रायव्हर वायर ओढतात. ड्रायव्हर म्हणतात, डिव्हाइसच भंगार आहे. हिशेब बघणारे म्हणतात, किलोमीटर जुळत नाहीत, आपली वहीच बरी. शेवटी वर्गणी दर महिन्याला भरली जाते आणि स्क्रीनकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

या तक्रारीवर डिव्हाइस बदलणे हा जवळजवळ नेहमीच चुकीचा पहिला उपाय असतो. ड्रायव्हरला केबिनमध्ये बोलावून झापणे हा त्याहून वाईट. आधी शेवटचे पॅकेट वाचा. गाडी गप्प होण्याआधी ट्रॅकरने सर्व्हरला शेवटची जी ओळ पाठवली, तिच्यात बहुतेक वेळा उत्तर असते. ती ओळ कशी वाचायची आणि त्यावरून काय करायचे, हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

‘ऑफलाइन’ म्हणजे नक्की काय बंद पडले?

‘जीपीएस बंद आहे’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. ट्रॅकरमधला जीपीएस भाग फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश घेऊन तो स्वतःची जागा काढतो, आणि त्यासाठी त्याला किमान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात. काढलेली जागा तुमच्यापर्यंत पोचवण्याचे काम उपग्रह करत नाहीत. ते काम ट्रॅकरमधले सिमकार्ड मोबाइल नेटवर्कवरून करते. या दोन्हींना वीज लागते, ती गाडीच्या बॅटरीतून येते. आणि आलेला डेटा योग्य गाडीच्या नावावर मांडणे हे सर्व्हरचे काम.

म्हणजे वीज, आकाश, नेटवर्क आणि सर्व्हर. साखळीची कोणतीही कडी तुटली तरी स्क्रीनवर दिसतो तो एकच लाल ठिपका. म्हणून ठिपक्यावरून निदान करू नका. प्रत्येक बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’, ‘मेसेजेस’ किंवा ‘हिस्टरी लॉग’ अशा काहीतरी नावाचे पान असते. ते उघडता येत नसेल तर पुरवठादाराकडून त्याचा ॲक्सेस आजच मागून घ्या. त्याशिवाय पुढचे काहीच करता येणार नाही.

वीज: निम्म्याहून जास्त भांडणांचे मूळ इथे

समजा चोवीस व्होल्टच्या एका ट्रकबद्दल रोज सकाळी ओरड असते: ‘रात्री ट्रॅकर बंद होता.’ त्या ट्रकचा लॉग काहीसा असा दिसतो:

२२:३८ – इग्निशन बंद, मुख्य व्होल्टेज २५.१, उपग्रह ११, सिग्नल १८
२२:४१ – इग्निशन बंद, मुख्य व्होल्टेज ०, अंतर्गत बॅटरी ४.१, उपग्रह ११, सिग्नल १८
०३:५६ – मुख्य व्होल्टेज ०, अंतर्गत बॅटरी ३.५, उपग्रह ११, सिग्नल १७
०६:०२ – इग्निशन चालू, मुख्य व्होल्टेज २७.८, उपग्रह ६, सिग्नल १८

आता हे नीट वाचा. गाडी लावल्यावर तीन मिनिटांनी मुख्य वीज गेली. उपग्रह आणि नेटवर्क दोन्ही ठणठणीत होते. ट्रॅकर आपल्या छोट्या बॅटरीवर पहाटेपर्यंत जगला, मग ती उतरली आणि तो बंद पडला. सकाळी गाडी सुरू झाली तसा तो पुन्हा उठला, आणि जागा तीच. रोज रात्री हेच चित्र असेल तर कोणीही वायर ओढलेली नाही. ड्रायव्हरला विचारलेत तर तो सरळ सांगेल, ‘साहेब, गाडी लावली की बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा, असा वर्कशॉपचाच हुकूम आहे.’ त्याने आपले काम चोख केले आहे. चूक आहे ती फिटिंग करणाऱ्याची, कारण त्याने ट्रॅकरची वायर या मेन स्विचच्या, म्हणजे कट-ऑफ स्विचच्या पुढे जोडली.

उपाय असा: ट्रॅकरची प्लस वायर कट-ऑफ स्विचच्या आधी, थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घ्या आणि तिला बॅटरीजवळच स्वतंत्र, कमी अँपिअरचा फ्यूज द्या. पेट्रोल, गॅस किंवा रसायने वाहणाऱ्या गाडीत मात्र हे स्वतःच्या अकलेने करू नका. तिथे मेन स्विच बंद केल्यावर वीज पूर्ण तुटणे हा सुरक्षेचा भाग असतो. अशा गाडीसाठी उत्पादकाला विचारा, किंवा मोठ्या अंतर्गत बॅटरीचा ट्रॅकर घ्या आणि रात्रीचे मौन गृहीत धरा.

विजेचे बाकीचे दोषही लॉगमध्ये आपापली खूण सोडतात. गाडी सुरू करताना दर वेळी ट्रॅकर ‘रीस्टार्ट’ झाल्याची नोंद दिसली, तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली जाते आणि ट्रॅकर ते सोसू शकत नाही. तिथे गाडीची बॅटरी थकली आहे का, ते आधी तपासा. गाडी चालू असताना व्होल्टेज २७, १९, ०, पुन्हा २७ असे उड्या मारत असेल आणि रस्ता खराब असताना हे जास्त होत असेल, तर अर्थिंग कच्चे आहे. रंग दिलेल्या पत्र्यावर बोल्ट आवळून घेतलेली अर्थ पहिल्या महिन्यात चालते, मग गंज आणि कंप आपले काम करतात. पत्रा खरवडून, रिंग टर्मिनल लावून अर्थ पक्की करा, किंवा ती थेट बॅटरीच्या मायनसवरून घ्या. वायर सोलून नुसती गुंडाळलेली आणि वर टेप मारलेली दिसली तर ते फिटिंग झालेच नाही असे समजा. तिथे सोल्डर किंवा व्यवस्थित क्रिम्प हवा.

इग्निशनची वायर ॲक्सेसरी लाइनवर जोडली असेल, तर इंजिन बंद करून ड्रायव्हर गाणी ऐकत बसला तरी रिपोर्टमध्ये ‘इंजिन चालू’ दिसते. मग डिझेल जाळल्याचा आळ येतो. दुसरीकडे, वायर वाचवायची म्हणून काही फिटर इग्निशनची जोडणीच करत नाहीत आणि ट्रॅकरला व्होल्टेजवरून इंजिनची अवस्था ओळखायला सांगतात. बारा व्होल्टच्या गाडीत उभ्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १२.६ असते आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो, त्यामुळे ही युक्ती जुन्या गाड्यांत चालते. नव्या गाड्यांतले स्मार्ट अल्टरनेटर मात्र इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग अधूनमधून कमी करतात, आणि धावत्या गाडीचे इंजिन रिपोर्टमध्ये मध्येच ‘बंद’ होते. एक वायर जास्त गेली तरी चालेल, पण खरी इग्निशन लाइन जोडून घ्या.

डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (दोष तपासण्याचा स्कॅनर लावायच्या जागी) खोचायचे ट्रॅकर फिटिंगला सोपे असतात, म्हणून मोहात पाडतात. पण सर्व्हिसिंगला गाडी गेली की मेकॅनिक स्कॅनर लावण्यासाठी ट्रॅकर काढतो आणि परत लावायचे विसरतो. एखादी गाडी नेमकी सर्व्हिसच्या तारखेपासून गप्प असेल, तर आधी ते सॉकेट बघा.

आणि खरोखर कोणी वायर काढली असेल तर? त्याचीही खूण वेगळी असते. इग्निशन चालू, वेग शून्याहून जास्त, आणि अचानक मुख्य व्होल्टेज शून्य. रस्ता चांगला, जागा दर वेळी निराळी, वीज परत येते ती काही तासांनी. अशी नोंद वारंवार दिसली तर बोलणे भाग आहे. पण आधी वरच्या सगळ्या शक्यता हाताने तपासून बाद करा. निर्दोष माणसावर एकदा आळ आला की ती गोष्ट एका दिवसात सगळ्या ड्रायव्हरांपर्यंत पोचते. मग पुढच्या प्रत्येक बिघाडाची माहिती तुमच्यापर्यंत उशिरा येते किंवा येतच नाही.

ट्रॅकर जिवंत आहे, पण जागा हलत नाही

पॅकेट वेळेवर येताहेत, व्होल्टेज ठीक आहे, आणि गाडी मात्र नकाशावर कालच्याच चौकात उभी. इथे उपग्रहांची संख्या बघा. ती तीन-चारवर रेंगाळत असेल किंवा ‘फिक्स अवैध’ असे लिहिले असेल, तर ट्रॅकरला आकाश दिसत नाही. तो शेवटची माहीत असलेली जागाच पुन्हा पुन्हा पाठवतो आहे.

उपग्रहांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फारच क्षीण झालेला असतो, आणि धातूच्या पत्र्यातून तो आत येत नाही. ट्रॅकर डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीखाली दडपलेला असेल, उलटा चिकटवला असेल, किंवा काचेला उष्णता रोखणारा धातूचा थर असेल, तर रिसीव्हर आंधळा होतो. लपवण्याच्या नादात फिटर नेमके हेच करतात. प्लास्टिकच्या खाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे, असे बसवले तर ट्रॅकर लपतोही आणि चालतोही.

खात्री करायला गाडी मोकळ्या मैदानात पंधरा मिनिटे उभी करा. हा वेळ उगीच सांगत नाही. उपग्रह आपल्या नेमक्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळायला १२.५ मिनिटे लागतात. बरेच दिवस बंद असलेल्या ट्रॅकरलाही तेवढ्यात जागा मिळायला हवी. पंधरा मिनिटांनीही उपग्रह चारच्या वर गेले नाहीत, तर अँटेना किंवा तिची जागा बदला. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये उभ्या गाडीने जागा न सांगणे हा दोष नाही, तो मागे लागण्याचा विषयही नाही.

एक दुर्मीळ प्रकार नोंदवून ठेवतो, कारण तो समोर आला की माणूस चक्रावतो. जागा अचूक, पण तारीख जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची. जीपीएस आठवडे मोजते आणि मूळ संदेशात ही मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये झाले, ६ एप्रिल २०१९ ला झाले आणि पुढचे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. जुने फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, असलेला रिसीव्हर यात गोंधळतो आणि सर्व्हर अशी ‘जुनी’ पॅकेट फेकून देतो. नवे फर्मवेअर मिळत असेल तर ठीक, नाहीतर हा ट्रॅकर खरोखरच बदलायचा आहे.

नेटवर्क

इथे पहिला प्रश्न एकच: एक गाडी गेली की अनेक? बऱ्याच गाड्या एकाच क्षणी लाल झाल्या तर गाड्यांकडे धावू नका. दोष ऑपरेटरकडे, सर्व्हरकडे किंवा संपलेल्या डेटा प्लॅनमध्ये आहे. एकच गाडी ठरावीक रस्त्यावर गप्प होत असेल आणि पुढे गेल्यावर मागच्या सगळ्या नोंदी एकदम येत असतील, तर तिथे नेटवर्कच नाही. ट्रॅकरने नोंदी साठवल्या आणि नंतर पाठवल्या. तो अगदी नीट चालतो आहे.

लॉगमध्ये सिग्नलचा आकडा बहुतेक ० ते ३१ असा असतो, ९९ म्हणजे मोजताच आला नाही. सगळीकडे आकडा दहाच्या खाली राहणारी गाडी असेल तर सिम किंवा अँटेना बघा. सिम साच्यात सैल बसले की कंपाने संपर्क तुटतो. एपीएन, म्हणजे मोबाइल डेटासाठी ऑपरेटरने दिलेले सेटिंग, चुकीचा भरला असेल तर सिग्नल पूर्ण आणि डेटा शून्य, हा प्रकार सिम बदलल्यानंतर हमखास होतो. आणि ट्रॅकर फक्त टूजी किंवा थ्रीजीवर चालणारा असेल, तर तुमच्या भागातले ऑपरेटर ती सेवा कधी बंद करणार आहेत, हे खरेदीच्या आधीच विचारून घ्या. अनेक देशांत हे नेटवर्क बंद झाले आहे, आणि अशा दिवशी चांगले चालणारे ट्रॅकर एका फटक्यात निकामी होतात.

उशिरा पोचणाऱ्या नोंदींमुळे आणखी एक गैरसमज होतो. रात्री अकराची वेगमर्यादा ओलांडल्याची नोंद पहाटे पाचला सर्व्हरवर आली आणि अलर्टवर पाचचीच वेळ छापली गेली, तर त्या वेळी घरी झोपलेला ड्रायव्हर जाब देत बसतो. अलर्टमध्ये ट्रॅकरवरची वेळ धरली जाते की सर्व्हरवर पोचल्याची, हे सेटिंगमध्ये तपासा. ट्रॅकर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत पाठवतो. सॉफ्टवेअरमध्ये टाइमझोन चुकला की सगळे रिपोर्ट काही तासांनी सरकतात, आणि रात्रपाळीची फेरी भलत्याच तारखेला पडते.

किलोमीटर का जुळत नाहीत

हिशेब विभागाचा विश्वास इथे उडतो, आणि तो उडाला की प्रकल्प कागदावरच उरतो. म्हणून हे समजून घ्यायला वेळ द्या.

जीपीएसचे अंतर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. ट्रॅकर दर तीस सेकंदांनी एक बिंदू पाठवत असेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन बिंदूंमध्ये ५०० मीटर जातात. सर्व्हर त्या दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढतो. हमरस्त्यावर फरक पडत नाही, पण घाटात प्रत्येक वळण कापले जाते आणि अंतर कमी भरते. उलट, उभ्या गाडीची जागा इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या सिग्नलमुळे काही मीटर इकडेतिकडे सरकत राहते. सॉफ्टवेअरने ती हालचाल धरली तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळपर्यंत बरेच अंतर ‘चालून’ येते.

पहिल्यावर उपाय: वेळेबरोबर वळणाच्या कोनावरही बिंदू नोंदवायला लावा, किंवा अंतर सर्व्हरवर मोजण्याऐवजी ट्रॅकरलाच दर सेकंदाला मोजायला सांगा. दुसऱ्यावर उपाय: इग्निशन बंद असताना जागा गोठवण्याचे सेटिंग चालू करा आणि एचडीओपी जास्त असलेले, म्हणजे उपग्रहांची मांडणी खराब असतानाचे बिंदू गाळा. ज्या गाडीत कॅन बसवरून, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या डेटा लाइनवरून, ओडोमीटरचा आकडा मिळतो, तिथे तोच घ्या.

एवढे करूनही मीटर आणि ट्रॅकर यांत थोडा फरक राहतो आणि तो राहणारच. टायर झिजला, हवा कमी-जास्त झाली, टायरचा आकार बदलला की चाकाच्या फेऱ्यांवरून मोजलेले अंतर बदलते. त्यामुळे प्रत्येक गाडीचा एक महिन्याचा फरक काढून तो टक्क्यांत लिहून ठेवा. फरक स्थिर असेल तर तो गाडीचा स्वभाव आहे आणि हिशेबात धरता येतो. अचानक बदलला तरच चौकशी करा.

वेगाचेही असेच आहे. ड्रायव्हर म्हणतो काटा ६६ वर होता, ट्रॅकर म्हणतो ६२. दोघेही खरे बोलताहेत. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला वाहननियम क्रमांक ३९ सांगतो की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवला तर एका मर्यादेपर्यंत चालेल. म्हणून तो नियम पाळणारे उत्पादक काटा थोडा पुढेच ठेवतात. हे ड्रायव्हरांना आधी सांगितले की निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

अलर्टचा पूर आणि चुकीच्या नावावरची गाडी

सॉफ्टवेअरमध्ये जेवढे अलर्ट आहेत तेवढे सगळे पहिल्याच दिवशी चालू केले जातात. आठवड्याभरात सुपरवायझर फोनचा आवाज बंद करतो आणि खरा अलर्ट त्यातच बुडतो. सुरुवातीला दोनच ठेवा: मुख्य वीज तुटली, आणि कामाच्या वेळेत ठरावीक काळ पॅकेट आले नाही. बाकीचे एकेक करून, ज्याच्यावर कोणीतरी खरोखर कृती करणार आहे तेवढेच वाढवा.

जिओफेन्सही, म्हणजे नकाशावर आखलेली हद्दही, सैल आखा. उघड्या आकाशाखाली साध्या रिसीव्हरची जागा साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर असते, उंच इमारतींमध्ये चूक खूप वाढते. गोदाम हमरस्त्याला लागून असेल आणि त्याभोवती गोल वर्तुळ काढले असेल, तर नुसत्या बाजूने जाणाऱ्या गाड्याही ‘पोचल्या’ म्हणून नोंदतील. कुंपणाच्या आकाराचा बहुभुज काढा आणि आत तीन-चार मिनिटे थांबल्यावरच नोंद होऊ द्या. इंजिन चालू ठेवून उभे राहण्याच्या रिपोर्टमधून काँक्रीट मिक्सर, क्रेन, शीतगाड्या वेगळ्या काढा. त्यांचे इंजिन उभ्यानेच काम करते.

आणि हे फार वेळा घडते: दोन ट्रॅकरचे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक ट्रॅकरचे स्वतंत्र ओळख क्रमांक, एकमेकांच्या गाडीवर नोंदलेले. मग एका ड्रायव्हरची फेरी दुसऱ्याच्या नावावर चढते आणि दोघेही खोटे ठरतात. फिटिंगच्या वेळी ट्रॅकरचे लेबल आणि गाडीची नंबरप्लेट एकाच फोटोत घ्या. गाडी विकली, ट्रॅकर हलवला, सिम बदलले, की त्याच दिवशी नोंद बदला. हे काम नाव घेऊन नेमलेल्या एकाच माणसाचे असले पाहिजे. ‘सगळे मिळून बघतील’ म्हटले की कोणीच बघत नाही.

ड्रायव्हर

तांत्रिक दोष निस्तरले तरी एक दोष उरतो, आणि तो कोणत्याही लॉगमध्ये दिसत नाही. ज्यांच्या गाडीत हे यंत्र बसवले, त्यांना ते कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. सकाळी गाडीत बसले आणि डॅशबोर्डखाली एक नवा दिवा लुकलुकताना दिसला, एवढीच त्यांना मिळालेली माहिती. अशा माणसाने त्या दिव्याकडे संशयाने पाहिले तर त्यात त्याचे काय चुकले?

यंत्र बसवण्याआधी एक पान लिहा आणि ते मोठ्याने वाचून दाखवा. काय नोंदवले जाते, कोण बघते, किती दिवस ठेवले जाते, आणि कामाचे तास संपल्यावर काय होते. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. गाडी घरी नेण्याची परवानगी असेल तर खासगी वेळेत जागा नोंदवणे बंद करणारे बटण किंवा वेळापत्रक द्या. बऱ्याच देशांत हा नुसता सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. युरोपात मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्यात माणसाशी जोडता येणारी जागेची नोंद वैयक्तिक माहिती ठरते. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने पोर्तुगालमधल्या एका औषध प्रतिनिधीच्या प्रकरणात निकाल दिला. कंपनीच्या गाडीतल्या जीपीएसच्या नोंदींवरून त्याला कामावरून काढले होते. निकाल त्याच्या विरोधात गेला, पण चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने. यंत्र असल्याचे त्याला आधी सांगितले होते, आणि देशातल्या न्यायालयाने फक्त कापलेल्या अंतराच्याच नोंदी ग्राह्य धरल्या होत्या, हे त्यात वजनाचे ठरले. तुमच्या इथला नियम काय आहे ते वकिलाकडून लिहून घ्या.

न सांगता नजर ठेवली की माणसे वाटा शोधतात. २०१३ मध्ये अमेरिकेत कंपनीचा पिकअप ट्रक चालवणाऱ्या एकाला सुमारे ३२,००० डॉलरच्या दंडाची नोटीस बजावली गेली. मालकापासून जागा लपवण्यासाठी त्याने गाडीत स्वस्त जॅमर लावला होता आणि त्याने नेवार्क विमानतळावरच्या जीपीएस यंत्रणेत व्यत्यय आला होता. जॅमरची लॉगमधली खूण अशी: नेटवर्क उत्तम, व्होल्टेज ठीक, गाडी कॅन बसनुसार धावते आहे, आणि उपग्रह एकाएकी शून्य, उघड्या रस्त्यावर, पुन्हा पुन्हा. असे दिसले तर ड्रायव्हरला कायदेशीर धोका स्पष्ट सांगा, आणि तो काय लपवू पाहत होता तेही शांतपणे ऐकून घ्या. कधीकधी उत्तर असते, ‘जेवायला थांबलो की लगेच फोन येतो.’

डेटा पहिल्यांदा ड्रायव्हरच्या बाजूने वापरा. ग्राहकाच्या फाटकावर चार तास खोळंबा झाला, तर ती नोंद दाखवून त्याचा भत्ता द्या. ‘तुमची गाडी आलीच नाही’ अशी खोटी तक्रार आली, तर नकाशा दाखवून ती परतवा आणि हे ड्रायव्हरला कळू द्या. जो ड्रायव्हर अशा प्रसंगी वाचला, तो पुढे स्वतःहून फोन करतो, ‘साहेब, तो दिवा आज लुकलुकत नाही, बघून घ्या.’ त्या फोनइतका भरवशाचा अलर्ट कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही.

आणि ट्रॅकरच खराब असेल तर

हे सगळे तपासूनही एखादी गाडी सरळ होत नसेल तर अदलाबदल करून बघा. त्याच प्रकारच्या, नीट चालणाऱ्या गाडीतला ट्रॅकर हिच्यात आणि हिचा तिच्यात बसवा. सॉफ्टवेअरमधली आयएमईआयची नोंदही त्याच वेळी बदला, नाहीतर नवाच गोंधळ होईल. काही दिवसांनी दोष ट्रॅकरबरोबर दुसऱ्या गाडीत गेला असेल तर ट्रॅकर खराब. दोष पहिल्याच गाडीत राहिला असेल तर वायरिंग पुन्हा उघडा, कितीही वेळा पाहिलेले असले तरी.

ट्रॅकर परत पाठवताना नुसते ‘चालत नाही’ लिहू नका. आयएमईआय, फर्मवेअरची आवृत्ती, गप्प होण्याआधीच्या चोवीस तासांचा रॉ डेटा, ट्रॅकरच्या कनेक्टरवर मल्टिमीटरने इंजिन बंद आणि चालू असताना मोजलेले व्होल्टेज, आणि अदलाबदलीचा निकाल जोडा. एवढे समोर असले की पुरवठादाराचा तंत्रज्ञ ‘वायरिंग तपासा’ म्हणून तक्रार परत पाठवू शकत नाही.